अकरा घरांचं पाणी

आषाढ लागला की माझा फोन वाजायला लागतो. महाडातली, पोलादपुरातली, कधी पाचाडकडची माणसं विचारतात, "शौकतभाई, छोटी मशीन घेतलीय. गाळ काढायला बकेट कुठलं घेऊ?" मी स्वतः आता मशीन चालवत नाही. सतरा वर्षं त्या सीटवर हादरे खाऊन कंबर गेली. पण ह्या भागात छोटी खोदाई मशीन पहिल्यांदा आणणाऱ्या दोन-चार जणांतला मी एक, म्हणून माणसं अजून विचारतात.

मी सांगतो. दगड, मुरूम, कडक जमीन असेल तर दातांचं बकेट. चिखल, गाळ, गटार, ओढा-पऱ्या, खाचराचा बांध असेल तर दात नसलेलं. रुंद, उथळ आणि सरळ कडेचं. सगळ्यांना चार फुटी हवं असतं, कारण एका फेरीत जास्त उचलतं. मी म्हणतो, मशीन तीन टनांची असेल तर तीन-साडेतीन फुटांच्या वर जाऊ नका. ओला गाळ दिसतो मऊ, पण वजनाला दगडासारखा असतो. हात पूर्ण लांब करून भरलेलं बकेट उचललंत तर मशीन मागून उठेल. तळाला भोकं आहेत का बघा, पाणी निथळतं. कड बोल्टची आहे का बघा, म्हणजे झिजल्यावर उलटी करून लावता येते.

आणि शेवटी सांगतो, "घ्याल ते बकेट मशीनबरोबर न्या."

ते हसतात. घेतल्यावर नेणारच ना, असं त्यांना वाटतं. मी फोन ठेवतो.

आमच्या महाडात पाऊस दोनदा येतो. एकदा आकाशातून, आणि मग सावित्री-गांधारीच्या पात्रातून बाजारात. पाणी उतरतं तेव्हा मागे जो चिखल राहतो त्याचा वास दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. कुजलेला पेंढा, डिझेल, भिजलेलं धान्य, बांबू, आणि खाली कुठेतरी खाडीचा खारटपणा. कापडवाल्याच्या दुकानातून तागेच्या तागे बाहेर काढून लोक फुटपाथवर पिळत असायचे. लहानपणी मी फावड्याने हा चिखल ओढलाय. म्हणूनच आखातातून परत येताना, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, दुसऱ्यांनी सोनं आणलं, दुकानाचे गाळे घेतले. मी जुनी जपानी मशीन घेतली. दहा वर्षं तिकडे तसलीच चालवत होतो. तिथल्या वाळूत पाण्याच्या पायपा, तेलाच्या पायपा, केबली गाडलेल्या. आमचा फोरमन केरळचा होता. पायपीच्या जवळ आलो की तो हात वर करून काम थांबवायचा. दाताचं बकेट उतरवायला लावायचा आणि साध्या कडेचं चढवायला. एकदा मी म्हटलं, मी हळू चालवतो, माझा हात बसलाय. तो म्हणाला होता, "तुझा हात चांगला आहे हे पायपीला माहीत नाही."

म्हणजे मला माहीत होतं. जे सांगायचंय ते सांगताना हे आधी सांगितलं पाहिजे. मी नवखा नव्हतो.

मशीनबरोबर दोन बकेटं आणली होती. दीड फुटी दातांचं आणि साडेतीन फुटी बिनदाताचं. बिनदाताचं बकेट चार माणसांशिवाय हलायचं नाही. बदलायचं म्हणजे दोन जाड पिना घणाने ठोकून काढायच्या, नवं बकेट जुळवायचं, पिना परत ठोकायच्या, ग्रीस भरायचं. कोरड्या जागी अर्धा तास. पावसात, चिखलात उभं राहून एक तास.

मशीन घेऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या वर्षीचा पाऊस असा होता की डोंगर आतून फुगल्यासारखे दिसायचे. पोलादपूरच्या पुढे, कापडे गावाकडच्या रस्त्यावर तीन ठिकाणी दरड आली होती. रस्त्याच्या ठेकेदाराने मला लावलं होतं. सकाळपासून दगड ओढायचे, माती कडेला टाकायची. केबिनला काचा नव्हत्या. प्लास्टिकचा कागद बांधलेला, तो फडफडायचा. समोरचं भातखाचर इतकं हिरवं की डोळे मिटले तरी हिरवंच दिसायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई वरच्या पायवाटेने उतरून आल्या. डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. पन्नाशीच्या असतील. मशीनच्या बाजूला उभ्या राहिल्या, मी थांबवेपर्यंत हलल्या नाहीत.

"भाय, वर वाडीत येशील काय? आमचं कुंड गाडलंय."

ह्या अनसाकाकी. रस्त्यावरून वर अर्ध्या तासाच्या चढावर त्यांची वाडी होती, अकरा घरांची. वाडीच्या मागे डोंगरातून झरा यायचा आणि दगडाने बांधलेल्या कुंडात साठायचा. बारमाही. आंघोळीला, गुरांना, प्यायला तेवढंच पाणी. आदल्या रात्री वरची माती घसरून कुंडावर आली होती. घरांना काही झालं नव्हतं, पण कुंड दिसत नव्हतं. पुरुषमाणसं घमेली घेऊन लागली होती, पण माती छातीभर, वर दगड.

मी म्हटलं, "काकी, इथलं उरकलं की येतो."

त्या गेल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला बिनदाताचं बकेट पालथं पडलं होतं, त्याच्याजवळ गेल्या. कडेवरून तळहात फिरवला.

"ह्याला दात कसं नाय?"

"ते गाळ काढायला काकी. हे खरवडत नाय, नुसतं ओढून घेतं."

"म्हंजे तो जबडा, नि हा तळवा."

मी हसलो. इतक्या वर्षांत ह्या दोन बकेटांचं इतकं नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं.

"मंग आमच्याकडं हाच आण," त्या म्हणाल्या. "कुंडाच्या तळाला पांढरी माती हाय. चिकण. आमच्या आजेसासऱ्यांनी खालनं टोपल्या वाहून आणली नि पायांनी तुडवून बशिवली. तिच्यावर पाणी थांबतं. आमी बायका दर वर्सी गाळ काढतो त्यो पण हातांनी. खराटा सुदिक लावत नाय. तुज्या जबड्याचं तिथं काम नाय."

"आणतो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की काकी."

अशी जबान मी कितीतरी लोकांना दिली असेल. आज संध्याकाळी येतो, उद्या पाठवतो. शब्द जड वाटला नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी उघडीप मिळाली. वाडीच्या वाटेवर दरडीचे दगड आडवे होते, ते ओढायला दातच लागणार होते. बरोबर क्रम असा होता: दातांनी वाट मोकळी करायची, खाली यायचं, बकेट बदलायचं, परत वर जायचं. म्हणजे पूर्ण दिवस. ठेकेदार म्हणाला, "भाई, दुपारी तीनला मला मशीन रस्त्यावर पाहिजे. एसटी सुरू करायचीय." पलीकडे माणसं अडकली होती, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. मी वर जाताना मनात हिशोब केला. वाट दोन तास. कुंड दोन तास. तळाला हात लावायचा नाही. वरची माती काढायची, खालचा हातभर गाळ बायका काढतील. आणि माझा हात चांगला होता.

वाडीत पोचलो तेव्हा सगळी माणसं बाहेर आली. मशीन इतक्या वर पहिल्यांदाच चढली होती. अनसाकाकी पुढे आल्या, बकेटकडे बघितलं.

"दुसरा कुठं हाय?"

"खाली हाय. वाटेला दगड होते काकी, म्हणून हे लावलं. मी तळाला जाणार नाय. वरचं तेवढं काढतो."

त्यांच्या शेजारी त्यांची जाऊ होती, लक्ष्मी. दोघी एकाच घरात नांदायला आलेल्या, पाण्याला जायच्या त्या एकत्र, एकीची कळशी दुसरी उचलून द्यायची. लक्ष्मी म्हणाली, "आता आलाय तर काढू दे गो. परत पाऊस लागला तर तो बी येणार नाय." आणि काकी बाजूला झाल्या.

काम छान चाललं, हे सांगायला हवं. पहिल्या तासात कुंडाची दगडी कड दिसायला लागली. माणसं ओरडून दाखवत होती, इकडं, अजून इकडं. दुसऱ्या तासात गढूळ पाणी वर यायला लागलं, बायकांनी हात जोडले. काकी सगळ्यांना चहा ठेवायला घरात गेल्या. माणसं वरच्या अंगाला पाण्याचा चर काढत होती. आणि कुंडाच्या कोपऱ्यात एक दगड अडकून बसलेला मला दिसला. अर्धा गाळात, अर्धा वर. बायकांना तो हलणार नव्हता. घड्याळात दोन वाजून गेले होते.

मी दात त्याच्या खाली घातले. हलकेच ओढलं. हलला नाही. जरा खाली घालून परत ओढलं. दगड सुटला, पण सुटताना मशीनला जो झटका बसला तो मला बुडाखाली कळला. चिखलातून दगड सुटला की एक चोखल्यासारखा आवाज येतो. हा तसा नव्हता. काहीतरी फाटलं होतं.

बकेट वर आणलं. दातांना पांढरी माती लागली होती. लोण्यासारखी गुळगुळीत, दातांच्या फटीत दाबून बसलेली, आणि दगडाला चिकटून तिची परातीएवढी खपली आली होती.

मी आजूबाजूला बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मी बकेट ढिगाऱ्यावर रिकामं केलं, आणि दुसरी फेरी काळ्या गाळाची भरून तिच्यावर टाकली.

हे मी केलं तेव्हा विचार केला नव्हता. हात आपोआप फिरला. पण त्याच हाताला मी थांबवूही शकलो असतो. तेवढा वेळ होता.

मग चहा झाला. काकींनी मला चहाबरोबर काकडी दिली, मीठ लावून. गावातल्या एकाने नारळ दिला. तीनच्या जरा पुढे मी रस्त्यावर होतो.

पावसाळाभर कुंड भरून वाहिलं. पोलादपुरात वाडीचा कोणी भेटला की म्हणायचा, भाय, पाणी झकास. मला वाटलं, सुटलो. झरा इतका मोठा असताना तळातून जाणारं पाणी कोणाला दिसणार? मी स्वतःला असंही सांगितलं की गाळ बसून फट बुजेल. कधीकधी बुजतेही.

दिवाळीनंतर पाणी कडेपासून उतरलं. पौषात गुडघाभर राहिलं. शिमग्याच्या सुमाराला कुंडाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. झरा यायचा, कुंडात पडायचा आणि कुठेतरी निघून जायचा. बायका कळश्या घेऊन खालच्या पऱ्यापर्यंत उतरायला लागल्या. खाली अर्धा तास, भरलेल्या कळशीने वर पाऊण तास.

दरड आली म्हणून पाणी गेलं, असं कोणी म्हटलं असतं तर मी आयुष्यभर त्याच्या आड लपलो असतो. पण माणसांना दरडीवर राग धरता येत नाही. वाडीत बोललं जाऊ लागलं की पाणवठ्याला लोखंड लावलं, ते पाण्याला मानवलं नाही. आणि लोखंड आणलं कोणी? अनसाने. खाली जाऊन मशीनवाल्याला बोलवून ती आली. तिला हळदीकुंकवाला बोलवेनासे झाले. पाण्याला जाताना बायका तिच्या पुढे तरी जायच्या, मागे तरी. लक्ष्मीने बोलणं टाकलं, चूल वेगळी केली.

हे मला कळलं, कारण त्यांनी मला बैठकीला बोलावलं. देवळाच्या ओट्यावर सगळे बसले होते. काकी खांबाजवळ, सगळ्यांपासून हातभर लांब. वाडीतल्या वडीलधाऱ्या माणसाने मला मानाने चटई दिली आणि विचारलं, "भाय, तुमी जाणकार. मशीनने कुंडाला काय झालं आसंल काय?"

मी तिथे येताना ठरवून आलो नव्हतो. खरं बोलायचं असंही नाही, खोटं बोलायचं असंही नाही. पण तो प्रश्न माझ्यासमोर आला तेव्हा मला माझी मशीन दिसली, बाजारातलं माझं नाव दिसलं. पोलादपूरपर्यंत लोक म्हणतील, शौकतने वाडीचं पाणी घालवलं.

मी म्हटलं, "माझ्या मशीनने गाळ काढला. तळाला मी गेलोच नाय. डोंगर हलला की आतली वाट बदलते. पाण्याचं काय सांगणार?"

माणसांनी माना हलवल्या. मी काकींकडे बघितलं. दोन बकेटांचं त्यांना माहीत होतं. मी काय कबूल केलं होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी म्हटलं असतं, भाय, तू तळवा आणणार होतास, जबडा घेऊन आलास, तर मी काय उत्तर दिलं असतं? त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही. मला तेव्हा वाटलं, त्यांना काही कळलं नसावं. त्या नजरेचा तेवढाच अर्थ मला सोयीचा होता.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त टोचते. कुंड दुरुस्त होण्यासारखं होतं. शिमगा ते मृग, तीन महिने हातात होते. फाटलेली जागा मला नेमकी ठाऊक होती. खालच्या खाचरातून चिकणमाती आणायची, थर टाकायचा, बिनदाताच्या बकेटाच्या पाठीने चोपून बसवायचा. चार दिवसांचं काम. त्यासाठी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत वाडी रिकामी व्हायला लागली. आधी तरणी माणसं बायकापोरांना घेऊन मुंबईला, सुरतेला गेली. मग उरलेली खाली रस्त्याला उतरली. घरं कोणी मोडली नाहीत, कौलं तेवढी उतरवून नेली. एखादी जागा सोडताना लोक अनेक कारणं सांगतात, पोरांची शाळा, नोकरी, दवाखाना. सगळी खरी असतात. पण मी रस्त्यावरून जाताना वर बघायचो, आणि मला एकच कारण दिसायचं.

त्या काळात मी चांगलं काम केलं. कुठेही गेलो तरी दोन्ही बकेटं टेम्पोत टाकून न्यायचो. लोक म्हणायचे, शौकतभाईचं काम नीट असतं. दर वेळी पिना ठोकताना मला देवळाचा ओटा आठवायचा.

मग माझं हजला जायचं ठरलं. आमच्यात रिवाज आहे, जाण्याआधी माणूस ओळखीच्या घरी जातो आणि म्हणतो, माझं काही चुकलं असेल तर माफ करा. बहुतेक वेळा समोरचा हसून मिठी मारतो, कारण माफ करण्यासारखं काही नसतंच. मी महाडभर फिरलो. शेवटी माझी बायको सलमा म्हणाली, "पोलादपूरकडे कोणी राहिलं नाही ना?" तिला काहीच माहीत नव्हतं. सहज विचारलं होतं. मी म्हटलं, "एक घर आहे."

अनसाकाकी कापड्याजवळ रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या घरात राहत होत्या. मुलगा मुंबईला, त्या एकट्या. दारात नाचणी निवडत होत्या. मला लगेच ओळखलं. मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. दगड, झटका, पांढरी माती, तिच्यावर टाकलेला काळा गाळ. बैठकीत जे बोललो ते खोटं होतं, हेही. त्या नाचणी निवडत राहिल्या.

"मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी पावसाने ढिगारा धुतला. पांढरी माती वर आली. मी बोटांनी बघितली."

मी विचारलं, "बैठकीत का नाय बोललीस काकी? तुझ्यावर सगळे..."

"मी बोलले आसते तर म्हणाले आसते, आपल्या अंगावरचं झटकते. माजं कोण ऐकणार होतं? तुजं ऐकलं आसतं." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "म्हणून वाट बघत रायले. वाटलं, आता बोलशील."

देवळाच्या ओट्यावर त्या माझ्याकडे का बघत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, "माफ करशील?"

"माज्यापुरतं केलं. कवाच केलं. पण ते पाणी माज्या एकटीचं नव्हतं रे."

"मग मी काय करू?"

"अकरा घरं होती. एकेकाकडं जा. मला सांगितलंस तसं सांग."

मी खिशातून वही काढली. त्या नावं सांगत गेल्या, कोण कुठे गेलं, कोणाचा पत्ता कोणाकडे मिळेल. हजहून आल्यावर मी त्या वाटेला लागलो. सुरतेला गेलो, मुंबईच्या उपनगरांत गेलो. एकाने दार लावून घेतलं, एकीने जेवायला वाढलं, एकाला कुंडच आठवेना. नऊ घरं झाली. दहावं अजून सापडलेलं नाही.

अकरावं सापडण्यातलं नव्हतं. त्या दिवशी वही उघडली तेव्हा ते नाव काकींनी सगळ्यात आधी सांगितलं होतं.

"लिव. पयली लक्ष्मी."

"ती कुठं असते आता?"

"गेली. दोन वर्सं झाली. शेवटपतूर माज्याशी बोलली नाय."

माझी पेन्सिल थांबली. "मग तिला कसं सांगू काकी?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तिला नाय सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पयलं लिवायला सांगते. वही उघडशील तवा आदी तीच दिसली पायजे."